इमारत कोणाची?

(जुन्या इमारती पाडाव्यात की जपाव्यात, हा प्रश्न आज प्रत्येक शहरापुढे उभा आहे. इमारत ज्याच्या मालकीची, त्याने तिचे काहीही करावे का? की तिच्यावर इतरांचाही काही हक्क असतो? या पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.)

मुलांनो, जामखेडहून खर्ड्याला तुम्ही कधी गेला आहात का? खर्डा हे जामखेड तालुक्यातील जुने गाव. गावाजवळ एक भुईकोट किल्ला आहे. निंबाळकर सरदारांनी तो बांधला. १७९५ साली मराठे आणि हैदराबादचा निजाम यांच्यात मोठी लढाई झाली, ती याच परिसरात. लढाईत माघार घेतल्यावर निजाम अलीखानाने या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि मग तहाची बोलणी झाली. ही हकीकत तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचता. पण किल्ल्याच्या तटावर हात ठेवून उभे राहा. पुस्तकातली ओळ एकदम खरी वाटू लागते.

आता जिल्ह्याच्या गावी चला. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात १९४२ साली इंग्रज सरकारने पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि इतर अनेक नेत्यांना कैदेत ठेवले होते. पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' हा ग्रंथ येथेच लिहिला. मौलाना आझादांनी येथे आपल्या मित्राला उर्दूत पत्रे लिहिली. कैदेत असल्यामुळे ती टपालाने पाठवता आली नाहीत. पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती पुस्तकरूपाने निघाली. चहाची आवड, खोलीत येणाऱ्या चिमण्या, अशा साध्या गोष्टीही त्यांत आहेत. हा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांना जेथे ठेवले होते, ती जागा जपून ठेवलेली आहे. म्हणून आजही आपण म्हणू शकतो, "मौलाना येथे राहत होते."

समजा, ती जागा पाडून टाकली असती तर? पुस्तक राहिले असते. पण 'येथे' हा शब्द हरवला असता.

गावाबाहेरचा किल्ला सहसा कोणी पाडत नाही. तो ऊनपावसाने झिजतो, ढासळतो. खरा धोका असतो तो शहरातील इमारतींना. जुने वाडे, शाळा, दवाखाने, कचेऱ्या, बाजार, स्थानके या इमारती भर वस्तीत असतात. तेथे जमिनीला सोन्याचा भाव असतो. अशा इमारतींचा मालक पुष्कळदा एखादी व्यक्ती नसते, तर संस्था असते. सरकारी खाते, नगरपालिका, रेल्वे, बँक, शिक्षणसंस्था किंवा धर्मादाय विश्वस्त मंडळ यांच्यापैकी कोणी तरी मालक असते.

या संस्था इमारती का पाडतात? त्यांचीही बाजू आपण ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, "जागा अपुरी पडते. विद्यार्थी वाढले, रोगी वाढले, कामकाज वाढले. जुन्या इमारतीची दुरुस्ती महाग पडते. छत गळते, भिंतीला तडे गेले आहेत. उद्या अपघात झाला तर जबाबदार कोण?" ही कारणे खोटी नसतात. मोडकळीस आलेल्या छताखाली मुलांना बसवू नये, हे कोणीही मान्य करील. पण भिंतीला तडे एका दिवसात जात नाहीत. वीस-वीस वर्षे छपराकडे पाहायचे नाही आणि मग "इमारत धोकादायक झाली" असे म्हणायचे, हे बरोबर आहे का?

पुण्याचे एक उदाहरण पाहा. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या काळी मुलींना शिकवणे हे लोकांना पाप वाटे. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या एका पत्रात आपली सहकारी फातिमा हिचाही उल्लेख केला आहे. म्हणजे या कामात हिंदू आणि मुसलमान स्त्रिया खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. आज तुमच्या वर्गात मुली निर्भयपणे शिकतात. त्या वाटेचा एक उंबरठा भिडे वाड्यात होता.

पण वाड्याचे पुढे काय झाले? तेथे दुकाने आली. वाडा पडका झाला. येथे स्मारक व्हावे अशी लोकांची मागणी होती. मालकी आणि भाडेकरू यांच्या हक्कांचा प्रश्न न्यायालयात गेला. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेचा मार्ग मोकळा केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो मोडका वाडा पाडण्यात आला. आता त्या जागी स्मारक उभारायचे ठरले आहे. स्मारक अवश्य व्हावे. पण ज्या भिंतींनी त्या पहिल्या मुलींचे पाढे ऐकले, त्या भिंती आता कोणालाही परत आणता येणार नाहीत. आपण वेळेवर जागे झालो नाही, तर आपल्या हाती वास्तू राहत नाही, केवळ तिची आठवण राहते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही रेल्वेच्या मालकीची इमारत. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पकाराने तिचा आराखडा केला. १८७८ साली काम सुरू झाले आणि ते पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. तेव्हा वाफेची इंजिने धावत. १९२५ साली येथून विजेची पहिली गाडी सुटली. गाड्या बदलल्या, प्रवासी अनेक पटींनी वाढले, पण इमारत तीच आहे. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आजही लाखो माणसे रोज तेथून ये-जा करतात. जुनी इमारत म्हणजे निरुपयोगी इमारत, हा समज किती चुकीचा आहे पाहा!

याउलट अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात घडले. तेथील पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत तिच्या मालक रेल्वे कंपनीने १९६३ साली पाडायला घेतली. लोक हळहळले. पण तिला वाचवील असा कायदाच तेव्हा नव्हता. या घटनेनंतर, १९६५ साली, त्या शहराने महत्त्वाच्या वास्तू जपण्याचा कायदा केला. एक इमारत गेली, तेव्हा इतरांना संरक्षण मिळाले. मुंबईसाठी असे नियम १९९५ साली झाले. भारतातील शहरांमध्ये असे नियम प्रथम मुंबईतच आले. वारसा इमारतींची यादी करण्यात आली आणि त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या. यादीतील इमारत मालकाला परवानगीशिवाय पाडता येत नाही.

पण मालक स्वतः सरकारच असेल तर? हैदराबादची गोष्ट ऐका. तेथे टेकडीवर 'इरम मंझिल' नावाचा महाल आहे. नबाब फख्रुल मुल्क यांनी तो सुमारे १८७० साली बांधला. त्यात दीडशेहून अधिक खोल्या आहेत. पुढे तो सरकारच्या मालकीचा झाला आणि तेथे सरकारी कचेऱ्या आल्या. जून २०१९ मध्ये तेलंगण सरकारने तो पाडून तेथे नवे विधानभवन बांधण्याचे ठरवले. शहरातील लोकांना हे पटले नाही. काही नागरिक आणि नबाबांचे वंशज न्यायालयात गेले. वारसा इमारतीबाबत कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळली गेली नाही, हे त्यांनी दाखवून दिले. १६ सप्टेंबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय रद्द केला. महाल वाचला. त्यांनी दगड उचलला नाही की बस जाळली नाही. कायद्याचे पुस्तक उघडून त्यांनी महाल वाचवला.

आता पाठाच्या नावातील प्रश्नाकडे वळू. इमारत कोणाची? कागदावर ती संस्थेची असते. कर संस्था भरते, किल्ली संस्थेकडे असते. पण त्या इमारतीत जे घडले, ते सर्वांचे असते. तेथे शिकलेली मुले, बरे झालेले रोगी, घाम गाळून दगड घडवणारे पाथरवट आणि गवंडी, या सर्वांची ती असते. जे अजून जन्माला आले नाहीत, त्यांचीही ती असते. संस्था ही अशा इमारतीची मालक असली, तरी ती तिची राखणदारही आहे.

जपणे म्हणजे इमारतीला कुलूप लावणे नव्हे. ती वापरात ठेवणे हाच तिला जपण्याचा उत्तम उपाय होय. जुन्या कचेरीत वाचनालय काढता येते. जुन्या वाड्यात संग्रहालय किंवा शिवणवर्ग भरवता येतो. नवी इमारत हवीच असेल, तर ती शेजारच्या मोकळ्या जागेत बांधता येते. पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी करावी, भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे वेळीच काढावीत, पन्हळी साफ ठेवाव्यात. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये, कारण त्यामुळे ओल भिंतीतच कोंडली जाते. अशी साधी कामे वेळेवर केली, तर मोठा खर्च टळतो.

तुम्ही लहान आहात, तुम्ही काय करू शकता? पुष्कळ काही! आपल्या गावातील जुन्या इमारतींची यादी करा. त्या कोणी बांधल्या, कधी बांधल्या, हे गावातील वडीलधाऱ्यांना अदबीने विचारा आणि वहीत लिहून ठेवा. दारावर मराठी, मोडी किंवा फारसी लेख असेल, तर त्याचे चित्र काढा. फारसी अक्षरे तर तुम्ही सहज ओळखाल! जे काम इतरांना अवघड, ते तुम्हाला सोपे आहे. भिंतींवर आपली नावे कोरू नका. एखादी जुनी इमारत पाडणार असल्याचे कानावर आले, तर शिक्षकांच्या मदतीने ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला नम्रपणे पत्र लिहा. आपल्या संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे, हे भारतीय संविधानाच्या ५१ क या कलमात सांगितलेले प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. इमारत, मालक, वारसा, बुरूज, दरवाजा हे या पाठातील आणि रोजच्या बोलण्यातील मराठी शब्द पाहा. ते तुम्हाला ओळखीचे वाटतात ना? अरबी-फारसीतून ते मराठीत आले आणि मराठीच होऊन गेले. आपली भाषा ही सुद्धा एक जुनी वास्तूच आहे. अनेकांनी मिळून ती बांधली आहे. म्हणून ती सर्वांची आहे.

शब्दार्थ

भुईकोट – सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला
तह – सुलह
वास्तू – इमारत
वारसा – विरासत
जतन करणे – हिफाजत करणे
मोडकळीस येणे – पडण्याच्या बेतात असणे
पाथरवट – दगड घडवणारा कारागीर
डागडुजी – मरम्मत, लहानसहान दुरुस्ती
पन्हळ – छपरावरील पाणी वाहून नेणारी नळी
राखणदार – निगराणी करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मौलाना आझादांना कोणत्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते?
(आ) भिडे वाड्यात मुलींची शाळा कोणत्या साली सुरू झाली?
(इ) मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम कोणत्या साली झाले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) संस्था जुन्या इमारती का पाडतात?
(आ) इरम मंझिल कशी वाचली?

३. वाक्यात उपयोग करा.
खांद्याला खांदा लावणे, सोन्याचा भाव असणे, घाम गाळणे.

४. आपल्या गावातील एका जुन्या इमारतीविषयी दहा ओळी लिहा. ती आज कोणाच्या मालकीची आहे आणि तिचा काय उपयोग करता येईल, हे सांगा.