तुला लागतं, म्हणून तू कच्ची नाहीस

अगं, आधी स्वतःला 'रडूबाई' म्हणणं बंद कर बघू. तुझी बँकेतली नोकरी, त्यात महिन्याचा पहिला आठवडा. पेन्शनवाल्यांची रांग, नोटा मोजायच्या मशीनची फडफड, पासबुक प्रिंटरची करकर, आणि त्यातच साहेब जरा तुटक बोलले. शेजारच्या काउंटरवालीला यातलं निम्मं ऐकूही येत नाही. तुझ्या मात्र सगळं आत उतरतं, आणि साहेबांचं ते एक वाक्य रात्री अंथरुणावरही पिच्छा सोडत नाही. हो ना?

खरं सांगू का, हा आजार नाही गं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ इलेन एरन यांनी १९९६ साली अशा अतिसंवेदनशील माणसांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते पाचांतला साधारण एक जण घडणीनेच असा असतो. पुढच्या अभ्यासांत दिसलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अशा माणसांना वाईट वातावरण जास्त बाधतं, तसंच चांगलं वातावरण जास्त मानवतंही. म्हणजे थोडी सोय झाली तरी तुला चांगलाच फरक पडेल.

मग ती सोय माग ना! "मला ताण येतो" एवढंच सांगितलंस तर साहेब तरी काय करणार? "सर, प्रिंटरपासून लांबची जागा मिळेल का? व्हाउचर तपासायचं काम सकाळी शांततेत दिलंत तर लवकर उरकेल," असं नेमकं बोल. सही जुळत नाही हे सगळ्यांत आधी तुलाच दिसतं. फॉर्म हातात घेऊन गोंधळलेले आजोबाही तूच हेरतेस. शाखेला तुझी गरज आहे, हे विसरू नकोस.

डबा काउंटरवर खायचा नाही, हे मात्र मी बजावून सांगते. रोज सगळ्यांच्या गप्पांत बसलंच पाहिजे असंही नाही. थोडा वेळ एकटी जिन्यात जा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. धडधड कमी होते. आणि घरी पोचल्या पोचल्या पोळ्यांना जुंपून घेऊ नकोस. "आई, जरा पडते, मग कणीक मळते," असं सासूबाईंना आधीच सांगून ठेव. नाहीतर त्यांना वाटतं, सून रुसली.

पण बघ, सगळंच स्वतःच्या स्वभावावर ढकलू नकोस. माणसं कमी, काम ढीगभर आणि वर चारचौघांत अपमान, हा दोष त्या कचेरीचा. जागतिक आरोग्य संघटनाही बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. अशा वेळी बदली मागण्यात कसला आलाय कमीपणा?

झोप उडाली, जेवण जाईना, रडू थांबेना, असं दोन आठवडे चाललं तर अंगावर काढू नकोस. मला फोन कर आणि १४४१६ वरही कर. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.