अपंगांची सेवा : संस्थेत की गावात?

अपंगांची सेवा म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर शहरातील एखादी संस्था उभी राहते. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २ कोटी ६८ लाख अपंगांपैकी सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहतात. एवढ्यांना संस्था कशा पुरणार? म्हणूनच १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ‘समाजाधारित पुनर्वसना’चा मार्ग मांडला. गावातल्याच कार्यकर्त्याने प्रशिक्षण घ्यावे, घरच्यांना व्यायाम शिकवावा आणि शाळेने व पंचायतीने अपंगाला सामावून घ्यावे, हे त्याचे सूत्र.

माझा थोरला चुलतभाऊ पोलिओने अधू झाला. तो माझ्याहून हुशार. पण शाळा ओढ्यापलीकडे, म्हणून चौथीनंतर घरी बसला. तालुक्याहून एकदा कुबड्या मिळाल्या. पुढे त्या आखूड पडल्या, तेव्हा बदलून देणारे गावात कोणी नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. खरे तर तो मान त्याचा होता.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्चावयाचा आहे. तो कोठे गेला, हे ग्रामसभेत विचारणार कोण? सुट्टीत गावी जाणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांनीच ते विचारावयास हवे.