घरकुल आणि निवृत्तीवेतन : कोणाचा वाटा किती?

इंदूरहून आग्रा-मुंबई मार्गाने दक्षिणेस निघाले की महूच्या पुढे, विंध्याच्या माथ्यावर मानपूर लागते. जवळच्याच जानापाव टेकडीवर चंबळ नदीचा उगम आहे. मानपुराच्या पुढे रस्ता घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जातो. हाच रस्ता पुढे सेंधव्यावरून महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात येतो. रस्त्याच्या दोन्ही टोकांना आदिवासी वस्त्या आहेत, शेतमजुरीवर जगणारी कुटुंबे आहेत, थकलेली माणसे आहेत. त्यांच्या गरजा सारख्याच; परंतु शासनाकडून त्यांना मिळणारे साहाय्य सारखे नाही. हा फरक का पडतो आणि तो समजून घेतल्याने सामान्य माणसाचा कोणता लाभ होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घटनेतील आधार

मानपूर ज्या तहसिलीत आहे, त्या महूमध्ये १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या घटनेचा मसुदा तयार केला, तिच्या ४१ व्या अनुच्छेदात एक महत्त्वाचे मार्गदर्शक तत्त्व आहे. वार्धक्य, आजार, अपंगत्व व बेकारी अशा प्रसंगी नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक मर्यादेत उपलब्ध करून द्यावा, असे ते तत्त्व सांगते. निराधारास दिले जाणारे साहाय्य ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा त्याचा अर्थ होय.

१९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने या कार्यात तिसरा भागीदार आणला. पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत ग्रामीण गृहनिर्माण व समाजकल्याण यांचा समावेश झाला. नगरपरिषदांच्या १८ विषयांत दुर्बल घटकांचे हितरक्षण व नागरी दारिद्र्यनिवारण आले. तेव्हापासून केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था अशा तीन हातांनी हे काम चालते. पहिले दोन हात मुख्यतः पैसा देतात. तिसरा हात माणूस दाखवून देतो.

निवृत्तीवेतनाचा हिशेब

प्रथम वृद्धांच्या निवृत्तीवेतनाचे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी दरिद्री वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० रुपये झाला. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर्षांवर आली व ८० वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० रुपये ठरले. परंतु ६० ते ७९ वयोगटाचे २०० रुपये पुढे पंधरा वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. दरम्यान बाजारभाव कोठे गेले, हे वाचकांना सांगावयास नको.

ही उणीव भरून काढण्याचे काम राज्यांवर आले आणि प्रत्येक राज्याने ते आपापल्या ऐपतीने व धोरणाने केले. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनच, म्हणजे केंद्राच्या कार्यक्रमापूर्वी पंधरा वर्षे, चालू होती. वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने या योजनांचे मासिक साहाय्य १ हजारावरून १,५०० रुपये केले. मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये सामाजिक सुरक्षा निवृत्तीवेतन ३०० वरून ६०० रुपये केले.

समजा, दारिद्र्यरेषेखालील ६७ वर्षांचा एक शेतमजूर आहे. त्यास दोन्ही राज्यांत केंद्राकडून मिळणारे २०० रुपये सारखेच. या दरांनी पाहता शिरपुराकडे राज्य त्यात १,३०० रुपयांची भर घालते, तर मानपुराकडे ४०० रुपयांची. वर्षाचा हिशेब केला तर एकीकडे १८ हजार आणि दुसरीकडे ७,२०० रुपये होतात. रक्कम अपुरी वाटते, तेव्हा ग्रामस्थ ग्रामसेवकास किंवा तलाठ्यास बोल लावतात. वस्तुतः रक्कम वाढविणे त्यांच्या हाती नाही. तो प्रश्न आमदार-खासदारांसमोर मांडावयाचा आहे.

आणखी एक साहाय्य पुष्कळांना ठाऊक नसते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात मरण पावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये देण्याची तरतूद २०१२ मध्ये करण्यात आली. दुःखाच्या दिवसांत त्या घरातील कोणास अर्जाचे सुचत नाही. अशा वेळी शेजाऱ्याने किंवा शाळेतील शिक्षकाने पुढे होऊन आठवण करून दिली पाहिजे.

घर : नगर आणि खेडे

घरकुलाच्या बाबतीत मानपुराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. मानपूर ही नगरपरिषद आहे, तर सभोवतालची गावे ग्रामपंचायतींत मोडतात. म्हणून हद्दीच्या आत एक योजना लागू होते व हद्दीबाहेर दुसरी.

खेड्यांसाठी १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली. तिची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये असे प्रमाण ठरले. बहुतेक राज्यांत यातील ६० टक्के भार केंद्राचा व ४० टक्के राज्याचा असतो. म्हणजे १ लाख २० हजारांपैकी ७२ हजार केंद्राचे व ४८ हजार राज्याचे. शौचालयाचे १२ हजार रुपये निराळे. घर स्वयंपाकघरासह किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे असावे, असा दंडक आहे.

नगरात मात्र स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि मध्य प्रदेश शासनाचे १ लाख असे मिळून अडीच लाख रुपये देण्याचे धोरण आहे. एका शेताच्या अंतरावरील दोन कुटुंबांत दुपटीहून अधिक फरक पडतो, तो यामुळे.

दोन्हीकडे पैसा एकदम मिळत नाही. पाया, जोते, छत असे टप्पे पुरे होतील तशी छायाचित्रे नोंदविली जातात व हप्ता थेट बँक खात्यात जमा होतो. यामुळे मधल्या मध्ये पैसा अडण्यास पूर्वीइतका वाव राहिला नाही. परंतु एक नवी अडचण उभी राहिली. ज्याच्यापाशी पहिला टप्पा पुरा करण्यापुरतेही भांडवल नाही, त्याचे घर जोत्यापाशीच थांबते. अशी अर्धवट घरे कोणाची व का थांबली, याची नोंद ग्रामपंचायतीने व अभियंत्याने दर महिन्यास घ्यावयास हवी.

जागा नसेल तर?

अनुदान घरासाठी मिळते, जागेसाठी नाही. सर्वांत गरीब माणूस नेमका येथेच अडतो. यावर राज्यांनी आपापले उपाय योजले आहेत. मध्य प्रदेशाने १९८४ मध्येच नागरी भागातील भूमिहीनांना राहत्या जागेचा पट्टा देणारा कायदा केला. २०२१ मध्ये खेड्यांतील भूखंडहीन कुटुंबांना ६० चौरस मीटरपर्यंत भूखंड देण्याची योजना आणली. महाराष्ट्रात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेतून आरंभी ५० हजार रुपये मिळत. २०२४ मध्ये ही मर्यादा १ लाख रुपये करण्यात आली. घरकुल मंजूर होऊनही जागेअभावी नाव मागे पडले असेल, तर संबंधिताने प्रथम या योजनांची चौकशी करावी.

यादी हीच खरी कसोटी

केंद्राने द्यावयाचे आणि राज्याने घालावयाचे ठरले, तरी यादीत नाव नसेल तर सारे व्यर्थ. ग्रामीण घरकुलांची पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीवरून झाली. त्यातून सुटलेल्यांसाठी २०१८ नंतर व पुन्हा २०२४ नंतर नवी पाहणी हाती घेण्यात आली. आरंभी ज्या घरी दुचाकी आहे ते कुटुंब अपात्र ठरत असे. ही अट २०२४ मध्ये वगळण्यात आली आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार रुपये करण्यात आली. जुन्या अटींमुळे ज्यांना नकार मिळाला होता, त्यांनी तो नकार कायमचा समजू नये.

यादीची छाननी ग्रामसभेने करावयाची असते. कोण विधवा आहे, कोणाचे छप्पर पावसाळ्यात गळते, कोणाचा मुलगा कामासाठी परगावी गेला तो परतलाच नाही, हे गावाला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही कार्यालयास असू शकत नाही. ग्रामसभा ओस पडली की हे ज्ञान कागदावर येत नाही आणि जो बोलका आहे त्याचेच नाव वर सरकते. यादीविषयी तक्रार असल्यास जिल्हास्तरीय अपील समितीकडे दाद मागण्याची सोय आहे.

काय करावे?

अधिकाऱ्यांनी मंजूर, प्रलंबित व नामंजूर अशा तिन्ही याद्या, नामंजुरीच्या कारणासह, पंचायतीच्या फलकावर लावाव्यात. कारण कळले तर माणूस त्रुटी दूर करू शकतो. नुसता नकार कळला तर तो घरी बसतो. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून आपापल्या आळीतील वृद्ध, विधवा व अपंग व्यक्तींपैकी कोणास साहाय्य मिळते व कोणास मिळत नाही, याची माहिती घेऊन ती सरपंचांपुढे ठेवावी. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ क्वचितच सापडेल. ग्रामस्थांनी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : माझे नाव यादीत आहे काय? नसल्यास कोणत्या कारणाने? रक्कम थांबली असल्यास ती केंद्राच्या, राज्याच्या की स्थानिक टप्प्यावर?

नाव सुटले असेल तर ग्रामसभेत उभे राहावे. हप्ता अडला असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा नगरपरिषदेच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. रक्कमच अपुरी वाटत असेल तर लोकप्रतिनिधींपाशी बोलावे. कोणाचा वाटा किती, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच दाद कोठे मागावयाची हे कळते. मानपूर असो वा शिरपूर, शासनाच्या तिजोरीतून निघालेला रुपया निराधाराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवावयाचा असेल, तर ही माहिती प्रत्येक गावात उघडपणे वाचली गेली पाहिजे.