कापलेला गुलाब पाणी का घेत नाही?

गुलाबाची फुले कापून पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवली, तरीही दुसऱ्या दिवशी कळ्या माना टाकतात, असा अनुभव अनेक बागायतदारांस येतो. पाण्यात असूनही फूल तहानलेले का राहते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण अनेक महिन्यांच्या मेहनतीचे मोल कापणीनंतरच्या या एक-दोन दिवसांतच ठरते.

झाडावर असताना मुळांनी शोषलेले पाणी खोडातील सूक्ष्म जलवाहिन्यांतून वर चढते. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते व त्यामुळे निर्माण होणारी ओढ पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचते. दांडा कापताच हा स्तंभ तुटतो, वाहिन्यांत हवा शिरते आणि ती पाण्याची वाट अडविते.

दुसरे कारण जिवाणूंचे. जखमेतून स्रवणाऱ्या रसावर ते झपाट्याने वाढतात. ते स्वतः व त्यांच्यापासून होणारा चिकट पदार्थ वाहिन्यांची तोंडे बुजवितात. पाण्यात बुडालेली पाने कुजल्यास त्यात भरच पडते.

इकडे पानांतून पाणी जातच राहते. आवक घटली व जावक चालू राहिली, की कळीखालचा कोवळा देठ प्रथम वाकतो. अशी कळी बहुधा उमलत नाही.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. कापणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी, धारदार कात्रीने करावी व दांडे तत्काळ स्वच्छ पाण्यात ठेवावेत.

२. दांडे काही काळ कोरडे राहिले असल्यास टोकाचा २ ते ३ सें.मी. भाग पाण्याखाली धरून पुन्हा कापावा, म्हणजे हवा शिरलेला भाग निघून जातो.

३. पाण्यात बुडणारी पाने काढावीत. बादल्या रोज घासून धुवाव्यात.

४. १० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळावे. आम्लधर्मी पाण्यात जिवाणूंची वाढ मंदावते. केवळ साखर मात्र घालू नये. जंतुनाशकाविना ती जिवाणूंचेच खाद्य ठरते.

शिक्षकांना हा पाठ वर्गात सहज दाखविता येईल. एकाच वेळी कापलेले दोन गुलाब घ्यावेत. एक रोज बदललेल्या स्वच्छ पाण्यात व दुसरा फुलदाणीतील शिळ्या पाण्यात ठेवावा. दोन्ही बाटल्यांतील पाण्याची पातळी मुलांनी रोज मोजून वहीत नोंदवावी. कोणता दांडा किती पाणी घेतो, हे त्या नोंदींवरून त्यांना स्वतःच कळेल.

या उपायांना खर्च अल्प आहे. स्वच्छतेची शिस्त मात्र रोजची हवी.