लेखननियमांचे अध्यापन आणि दृक्साधने

महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम, तसेच १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, यांचा परिचय पदव्युत्तर विद्यार्थ्याला असतो. तरीही त्याच्या उत्तरपत्रिकेत ‘गरीबाला’, ‘फूलांचा’ अशी रूपे आढळतात. याला केवळ निष्काळजीपणा कारण नव्हे. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद बोलण्यात पुष्कळदा जाणवत नाही. ज्या भेदाची साक्ष कान देत नाही, तो डोळ्यांनाच दाखवावा लागतो.

मात्र दृक्साधन कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इंग्रजी स्पेलिंगसाठी वापरली जाणारी शब्दपट्टी एकेका शब्दाचे लेखनरूप डोळ्यांत ठसवते. तीच पद्धत मराठीत जशीच्या तशी उचलली, तर ‘गरीब’ हा शब्द ठसतो आणि त्यामुळेच ‘गरीबाला’ असे लिहिले जाते. मराठीत ठसवायचे आहे ते शब्दाचे रूप नव्हे, तर रूपात होणारा पालट.

नियम असा : अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो; सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. एका पुठ्ठ्यावर ‘गरीब’ लिहून त्यावर उघडझाप करणारी झडप बसवावी आणि झडपेखाली ‘गरिबाला’ लिहावे. झडप उघडताच दुसरी वेलांटी जाऊन अक्षराच्या डावीकडे पहिली वेलांटी आलेली दिसते. ‘मूल-मुलाला’, ‘जमीन-जमिनीवर’ या जोड्याही अशाच दाखवता येतील. ‘लाकूड-लाकडाला’ येथे उकारच नाहीसा होतो. झडप उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून रूप लिहवून घ्यावे. अन्यथा साधन केवळ करमणूक ठरते. चुकीचे रूप मात्र तक्त्यावर लिहू नये, कारण डोळा तेही तितक्याच निष्ठेने जपतो.

साधनाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ‘शरीर’ या तत्सम शब्दाचे रूप ‘शरीराला’ असेच राहते. ‘गरीब’ आणि ‘शरीर’ दिसायला सारखे. त्यांतील भेद शब्दाच्या कुळाचा आहे आणि तो कोणत्याही चित्रात दिसत नाही. तत्सम शब्दांसाठी निराळ्या रंगाचा पुठ्ठा वापरता येईल, परंतु तो रंग का दिला, हे शिक्षकालाच सांगावे लागेल. नियम कसा चालतो हे साधन दाखवते. तो कोठे थांबतो हे व्युत्पत्तीच्या अभ्यासाने कळते. उद्या शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना या दोन्ही गोष्टी हव्यात.