झाशीचे ऊन, आपली सवय आणि वरच्या मजल्यावरची खोली

‘झाशीला ऊन काही नवे नाही’ हे वाक्य दर वैशाखात छावणीतील आणि शहरातील घराघरांत ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. बुंदेलखंडाची खडकाळ भूमी आणि दुपारी वाहणारी लू यांमुळे येथील उन्हाळा पूर्वापार कडक आहे. अठराव्या शतकापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही वाळ्याचे ओले पडदे, माठातले पाणी आणि दुपारची विश्रांती आपलीशी केली. मात्र मे २०२४ च्या अखेरीस झाशीचा पारा ४९ अंश सेल्सिअसवर पोहोचला. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार ते वर्ष जगातील तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो आणि ४७ अंशांवर तीव्र लाट. आपल्या शरीराला उन्हाची जी सवय आहे, ती ४९ अंशांची नाही.

हवामानबदलाविषयी सर्वांनी ऐकलेले असते. तरीही तो विषय हिमनद्यांचा आणि परिषदांचा वाटतो, घरचा वाटत नाही. ‘आमच्या एकट्याने काय होणार?’ असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. एका घराने वीज वाचवली म्हणून झाशीचा पुढचा मे महिना थंड होणार नाही. परंतु त्याच घरातील गच्चीखालच्या खोलीत झोपणाऱ्या आजी-आजोबांची रात्र मात्र नक्की बदलू शकते.

दिवसभर तापलेले शरीर रात्री सावरते. गच्चीचा स्लॅब दिवसा शोषलेली उष्णता रात्री खाली सोडतो. खोली पहाटेपर्यंत तापलेली राहते आणि शरीराला उसंत मिळत नाही. वृद्ध, तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया, तसेच हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना याचा सर्वाधिक त्रास होतो. वृद्धांना तहानही कमी जाणवते, म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा पन्हे द्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र तो सल्ला पाळावा. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असल्यास उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे; गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

फाल्गुनातच गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिल्यास ऊन परावर्तित होते आणि खालची खोली कमी तापते. यासाठी वीज लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा वाळ्याचा पडदा लावावा. आतला पडदा उष्णता आत आल्यानंतर अडवतो, त्याचा उपयोग थोडा. हवा ४० अंशांहून अधिक तापलेली असताना नुसता पंखा शरीर थंड करत नाही. अंगावर ओला पंचा ठेवून मग पंखा लावावा.

वातानुकूलन यंत्र असल्यास ते २४ अंशांवर किंवा त्याहून वर ठेवावे. प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. शिवाय या यंत्राने बाहेर टाकलेली गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीशी जाते, हे आपण सहसा विसरतो. झाडांची वाळलेली पाने जाळू नयेत. आळ्यात पसरली तर ओल टिकते आणि श्वसनरुग्णांचा धुरापासून बचाव होतो. त्या ढिगात प्लास्टिक असल्यास धूर अधिकच घातक. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, एरवी त्यात डेंग्यूचे डास वाढतात. ते पाणी अंगणातील झाडांना घालता येते.

उन्हानंतर चक्कर, पेटके, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवल्यास सावलीत झोपवून, शुद्धीवर असल्यास एक लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी विरघळवून घोटघोट पाजावे. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपली किंवा ताप ४० अंशांवर गेला, तर तो उष्माघात समजून तत्काळ १०८ क्रमांकावर कळवावे. घाम येत असला तरीही थांबू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, आणि बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये.