नेलपॉलिश : बाटलीबरोबर लावण्याची रीतही सांगा

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी बांगडी-कटलरीच्या दुकानात नेलपॉलिश हा लहान पण बारमाही माल आहे. हिंगणी, केळझरकडची गिऱ्हाइके लग्नसराईत बांगड्यांबरोबर एक-दोन बाटल्या नेतातच. तक्रारही ठरलेली असते, "भाऊ, दोन दिवसांत निघून गेलं." पुष्कळदा दोष मालाचा नसून लावण्याच्या घाईचा असतो.

नेलपॉलिशचा पापुद्रा ज्या नायट्रोसेल्युलोजचा बनतो, ते कापसाच्या तंतूपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून तयार करतात. म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्याच्या पिकाशी त्याचे नाते आहे! ते लवकर उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले असते. द्रव उडाला की रंगाचा थर नखाला धरतो. पण नखावर स्वयंपाकाचे तेल असेल तर धरत नाही. म्हणून आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत व रिमूव्हरचा बोळा नखांवरून फिरवावा.

बाटली जोराने हलवू नये, बुडबुडे येतात. दोन तळहातांत फिरवावी. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाशी निपटावी. पहिला फटका नखाच्या मधोमध, मग दोन्ही कडांना एकेक. कातडीपाशी दोऱ्याएवढी जागा सोडावी आणि नखाच्या टोकाच्या धारेवरूनही ब्रश फिरवावा, कारण रंग तिथूनच उडू लागतो. डाव्या हाताने लावताना खरी अडचण होते. त्यासाठी दोन्ही मनगटे पाटावर टेकवावीत, ब्रश स्थिर धरावा आणि बोट हळूहळू वळवावे. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले. मध्ये दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत. वरून सुकले तरी आतून घट्ट व्हायला तासभर तरी लागतो, तोवर भांडी घासू नयेत.

नमाजी भगिनींना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. या थरातून पाणी नखापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे वुजूपूर्वी तो काढावा लागतो. "यातून पाणी जाते" असे खात्री नसताना सांगून माल खपवू नये. अशा गिऱ्हाइकाला मेंदी दाखवावी. ती नख रंगवते, थर बसवत नाही.

नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात. चूल, गॅस, स्टोव्ह पेटता असताना जवळ बसून लावू नये. लाखेच्या बांगड्या बनविणाऱ्या कारागिरांनी तर शेगडीच्या खोलीत हा माल ठेवूच नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेल्या बाटल्या घट्ट होतात. त्या सावलीत, झाकण आवळून ठेवाव्यात. विकण्यापूर्वी बाटलीचे तोंड पुसलेले आहे का पाहावे, नाहीतर झाकण चिकटते. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतण्याची सवय मोडावी, त्याने थर कमजोर होतो. नेलपॉलिशचाच थिनर दोन-तीन थेंब पुरतो; रंगाच्या दुकानातला थिनर नखांसाठी नाही.